मदत हवी आहे: शॉर्टकटवरून अ‍ॅडमिन म्हणून प्रोग्रॅम, पण दर वेळी पासवर्ड न टाकता

नमस्कार मंडळी. बाबांच्या मेडिकलमध्ये विंडोज 10 वर बिलिंगचा जुना प्रोग्रॅम आहे. साध्या खात्यातून उघडला की बिल सेव्हच होत नाही. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर टिक केली. आता बिलं होतात, पण दर वेळी पासवर्ड मागतो. गिऱ्हाईक समोर ताटकळतं आणि काउंटरवरचा मुलगा मला फोन लावतो.

'रनअ‍ॅज' या विंडोजच्या कमांडला (तिने दुसऱ्या खात्याच्या नावाने प्रोग्रॅम चालवता येतो) 'सेव्हक्रेड' हा पर्याय जोडून अ‍ॅडमिनचा पासवर्ड साठवता येतो, पण मग त्या साध्या खात्यातून कुठलाही प्रोग्रॅम अ‍ॅडमिन म्हणून चालवता येईल. त्या मशीनवर सगळ्या उधारीचा हिशेब आहे, म्हणून ते नको.

प्रोग्रॅम डेटा 'प्रोग्रॅम फाइल्स'मधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवतो. तेवढ्या फोल्डरवर साध्या खात्याला 'मॉडिफाय' (फाइली बदलण्याची) परवानगी दिली तर भागेल का? कोणी केलं असेल तर कृपया सांगा.