मॉलमध्ये चार माणसं, बाहेर झॉम्बी: किती दिवस निघतील?

अर्धवट_लेखक

मंडळी, एक दीर्घकथा लिहायला घेतलीये. सगळीकडे झॉम्बींचा सुळसुळाट झालाय आणि माझी चार माणसं एका तीन मजली मॉलमध्ये शिरून दारं लावून घेतात. सुपरमार्केट, औषधांचं दुकान, कपडे, गाद्या, सगळं हाताशी. वर्षभर आरामात निघेल असा माझा हिशोब होता. पहिलं प्रकरण बायकोला वाचायला दिलं. तिने वाचून एवढंच विचारलं, "चौथ्या दिवशी संडासात पाणी कुठून येतंय?" तेव्हापासून कथा संडासातच अडकलीये.

माझे झॉम्बी जुन्या वळणाचे आहेत. हळू चालतात, आवाजाकडे वळतात, कुलूप उघडायची अक्कल नाही, पण धक्के मारताना थकत नाहीत. बंदुका कोणाकडेच नाहीत. कोणाला मॉलच्या आतलं काही माहीत असेल तर सांगा: दारं टिकतील का, वीज गेली की काय काय बंद पडतं, आणि ही चौघं खरोखर किती दिवस काढतील?

खवचट_खारूताई

चार माणसं, टीव्हीचं भलंमोठं दुकान आणि वीज नाही. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन दार उघडेन.

रात्रपाळीवाला

मी अकरा वर्षं एका मॉलच्या मेंटेनन्समध्ये होतो, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. पहाटे तीनला रिकाम्या मॉलमध्ये पुतळ्यांच्या रांगेतून टॉर्च घेऊन फिरलेल्या माणसाला झॉम्बींचं फारसं कौतुक राहत नाही. वहिनींचा प्रश्न अचूक आहे. त्याच्याकडे येतो, पण आधी दारं.

मॉलची दारं कोणी आत घुसू नये म्हणून बनवलेली नसतात. आग लागली तर हजारो माणसं पटकन बाहेर पडावीत, हा सगळा विचार असतो. म्हणून आगीची दारं बाहेरच्या बाजूला उघडतात. आतून आडवी दांडी दाबली की दार उघडतं, बाहेरून बहुतेक ठिकाणी धरायला मूठसुद्धा नसते. आता गंमत बघा. बाहेरून शंभर झॉम्बी रेटत बसले तर ते दार चौकटीत आणखी घट्ट बसणार. ओढायचं असतं हे त्यांना कळेपर्यंत तुमची कथा संपलेली असेल. वरच्या मजल्यांवर हीच दारं जिन्याकडे उघडतात, म्हणजे खालून जिन्यात कोणी शिरलं तरी तेच.

घात होतो तो चुंबकी कुलपांनी. मागच्या बाजूची, कर्मचाऱ्यांची बरीच दारं कार्डावर चालतात आणि वीज असेपर्यंतच बंद राहतात. वीज गेली की सुटतात. आगीचा अलार्म वाजला तरी सुटतात. हा बिघाड नाही, मुद्दाम तसंच केलेलं असतं, कुणी आत कोंडून मरू नये म्हणून. आमच्याकडे एकदा रात्री अडीचला एका सेन्सरमध्ये धूळ गेली, अलार्म बोंबलला, झाडून सगळी दारं मोकळी झाली. खाली येऊन बघतो तर एक कुत्रं आत येऊन सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी निवांत बसलेलं. तुमच्या माणसांनी पहिल्या रात्री आत काहीतरी भाजायला घेतलं, धूर झाला, की कुत्र्याच्या जागी कोण येईल ते तुम्हीच लिहा. तेव्हा पहिलं काम: चुंबकाच्या भरवशावर असलेलं एकेक दार शोधून साखळी-कुलूप घालायचं.

पुढच्या काचेचा भरवसा धरू नका. कडक केलेली काच मुठीला दाद देत नाही, पण कडेला किंवा कोपऱ्यात काही टणक लागलं की एका क्षणात पूर्ण तावदानाचे खडे होतात. दोन थरांमध्ये पापुद्रा घातलेली काच तडकून जागेवर राहते, पण ती कुठे आहे हे नुसतं बघून कळत नाही. मधला चौक सोडूनच द्या, मागे सरका. शटर मोटरचं असेल तर त्याला हाताने ओढायची साखळी किंवा फिरवायचा दांडा असतो. तो वीज असतानाच शोधून ठेवायचा, काळोखात सापडत नाही. आणि गर्दी रेटली की शटर मधोमध फुगतं, पट्ट्या कडेच्या खाचेतून निसटतात. मागे धान्याची पोती रचा. ट्रॉल्या नकोत, त्यांना चाकं असतात. (सिनेमात नेहमी ट्रॉल्या लावतात. मला तिथे उठून जावंसं वाटतं.)

बाकीचं जेवून आल्यावर लिहितो.

खवचट_खारूताई

झॉम्बी पुतळ्यांमध्ये उभा राहिला तर कळणार कसा, एवढं सांगून जेवायला जा.

रात्रपाळीवाला

पुतळ्यांना पादत्राणं नीट घातलेली असतात.

वीज. मॉलचा मोठा जनरेटर समजा 500 केव्हीएचा आहे. पूर्ण भारावर तो तासाला साधारण 100 लिटर डिझेल पितो. जवळच्या टाकीतलं डिझेल तासांच्या हिशोबात संपतं, आठवड्यांच्या नाही. वर त्याची घरघर किती लांब जाते ते तुमच्या झॉम्बींना विचारा. जिन्यातले आणीबाणीचे दिवे बॅटरीवर एक ते तीन तास जळतात, ते फक्त माणसं बाहेर पडेपर्यंत पुरावेत म्हणून. त्यानंतरचा काळोख तुम्ही कधी पाहिला नसेल. मॉलला खिडक्या नसतात. अमेरिकेत 1956 साली मिनेसोटातल्या एडायना गावात साउथडेल सेंटर उघडलं. आत सगळीकडे एकच हवामान राखणारा, पूर्ण बंदिस्त असा तो तिथला पहिला मॉल. व्हिक्टर ग्रुएन नावाच्या आर्किटेक्टने दुकानांची तोंडं आत वळवली, बाहेरून कोऱ्या भिंती. पुढे असंख्य मॉल त्याच वळणावर बांधले गेले. झॉम्बी अडवायला कोरी भिंत झकास, पण वीज गेली की उजेड फक्त चौकाच्या काचेच्या छतातून, दुकानांच्या मागच्या भागात भर दुपारी अमावस्या.

हवेची काळजी नको, एवढ्या पोकळीत चार माणसं गुदमरत नाहीत. बंद खोलीत कोळसा किंवा गॅस पेटवला तर मात्र कार्बन मोनॉक्साइडने मरतील. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. स्वयंपाक गच्चीवर.

आता खरा शत्रू, फ्रीझर. बंद ठेवलेला फ्रिज वीज गेल्यावर चारेक तास थंड राहतो, गच्च भरलेला डीप फ्रीझर न उघडता 48 तास. सुपरमार्केटमध्ये किती मांस, किती मासळी असते याचा अंदाज करा. आमच्या इथे जोडून आलेल्या सुट्ट्यांमध्ये एका दुकानाच्या शीतखोलीचा ब्रेकर पडला आणि चार दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. दार उघडणारा मुलगा तिथेच ओकला. तो वास कपड्यांतून आठवडाभर गेला नाही, आणि माश्या तर वरच्या मजल्यापर्यंत पोचल्या होत्या. म्हणून पहिल्या दोन दिवसांत जेवढं खाता येईल तेवढं खायचं, उरलेलं सगळं मांस आणि दूध एका शीतखोलीत कोंबायचं, दाराच्या फटींना चिकटपट्टी मारायची आणि ते दार पुन्हा उघडायचं नाही. बाहेर फेकायला जाऊ नका, त्यासाठी दार उघडावं लागतं. राहिले उंदीर. धान्य पत्र्याच्या किंवा जाड डब्यांत भरा, पोत्यात ठेवलंत तर ते तुमच्याआधी जेवतील.

वहिनींचा प्रश्न. आग विझवायला मॉलमध्ये स्वतंत्र टाकी असते. मोठ्या मॉलच्या टाकीत लाखभर लिटर सहज मावतं. पिणं, रांधणं, धुणं मिळून माणशी दिवसाला 15 लिटर धरा. चौघांचे 60. लाख लिटर साडेचार वर्षं पुरतील. पाणी आहे हो, पण ते बहुतेकदा तळघरात असतं. तळघरात गाड्यांचा उतार थेट रस्त्यावरून येतो आणि त्याला दार नसतं, फार तर एक दांडी असते. शिवाय तिथे झिरपणारं पाणी उपसणारे पंप विजेवर चालतात. ते थांबले की जिथे जमिनीत पाणी वर आहे तिथे तळघर हळूहळू भरायला लागतं. म्हणजे वीज आहे तोवर, पहिल्या दिवशीच, वरचा प्रत्येक डबा, बादली, पिंप, मुलांचे फुगवायचे तलावसुद्धा भरून घ्यायचे. गच्चीवरची टाकी आपोआप खाली येते, ती फक्त पिण्यासाठी राखा.

संडासासाठी छतातले स्प्रिंकलरचे, म्हणजे आग लागली की पाणी फवारणाऱ्या तोट्यांचे पाइप. प्रत्येक मजल्यावर मागच्या गल्लीत ते रिकामे करायचा एक व्हॉल्व असतो. पंप बंद असला तरी त्या पातळीच्या वर पाइपांत जेवढं पाणी उभं आहे तेवढं खाली येतं. पाणी काळं, गंजकं, वास मारणारं. पिऊ नका, पण बादलीने ओतायला उत्तम. सेन्सरवाले नळ आणि फ्लश वीज किंवा बॅटरी संपली की शोभेचे. फक्त वरच्या मजल्याचेच संडास वापरा, कारण मैला उपसणारा पंप थांबला की सगळ्यात खालच्या संडासातून उलटं वर येतं. आणि स्प्रिंकलरच्या तोंडाला कपडे वाळत घालू नका. त्यातली लाल काचकुपी 68 अंशांना फुटते, पण हँगरचा फटका बसला तरी फुटते.

पांढरा_डबा

औषधांच्या दुकानात काम करते, माझे दोन पैसे. त्या साठवलेल्या पाण्यात काही दिवसांनी जीव पडतील. उकळता येत असेल तर खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट. नाहीतर साधा, बिनवासाचा ब्लीच, 5-6 टक्क्यांचा, लिटरला दोन थेंब, अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर चार थेंब. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. चौघं बंद बाथरूममध्ये असतील तर झॉम्बींची गरज नाही.

दुसरं, या कथांमध्ये लोक चावून मरतात. खरं तर तुमचा पहिला माणूस फुटक्या काचेवर पाय देऊन आडवा होईल. सगळ्यांना जाड तळाचे बूट, झोपतानाही उशाशी. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, मे 2011 मध्ये झॉम्बींसाठीच्या तयारीवर खरोखर लेख काढला होता. आत यादी बघितली तर पाणी, अन्न, औषधं, प्रथमोपचार, कागदपत्रं, म्हणजे पूर-वादळाचीच. चौघांपैकी कोणी मधुमेही आहे का हो? इन्सुलिनला थंडावा लागतो, आणि फ्रिज चार तासांत गेला असं दादा म्हणालेच.

अर्धवट_लेखक

ताई, एक होता. म्हणजे नव्हता, आत्ता झाला.

रात्रपाळीवाले काका, मग माणसं झोपवू कुठे? गाद्यांच्या दुकानात एक रोमँटिक प्रसंग लिहून ठेवलाय.

रात्रपाळीवाला

प्रसंग ठेवा, गादी उचलून मागे न्या. दुकानांच्या पाठीमागून मालाची एक गल्ली जाते, उघड्या सिमेंटची, रंगसुद्धा नसतो. गिऱ्हाइकाने कधी पाहिलेली नसते. रुंद असते, दोन्ही टोकांना आगीची दारं, काच कुठेच नाही, प्रत्येक दुकानात मागून शिरता येतं आणि गच्चीचा जिना तिथूनच. वरच्या मजल्याची गल्ली घ्या. अकरा वर्षं माझा डबा मी तिथेच खाल्ला. पुढचा झगमगाट नुसतं माल आणायला जायचं गोदाम समजा.

दिवस विचाराल तर: पहिल्या दिवशी पाणी वर आणलं, मांस कोंडलं, चुंबकी दारं बांधली, तर कोरडं धान्य आणि डबाबंद मालावर चौघं सहा महिन्यांच्या पुढे जातील. पहिला दिवस मोबाइलच्या दुकानात घालवला तर दहा दिवस.

अर्धवट_लेखक

सगळं बायकोला वाचून दाखवलं. संडासाचा व्हॉल्व पसंत पडला. आता विचारतेय, या सगळ्या दारांच्या चाव्या कोणाकडे आहेत?

रात्रपाळीवाला

वहिनींनाच लिहू द्या कथा. चाव्या कंट्रोल रूमच्या भिंतीवरच्या पेटीत, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी. निम्म्या चिठ्ठ्या चुकीच्या. आमच्याकडे 'गच्ची' लिहिलेली चावी झाडूच्या कपाटाची होती, आणि गच्चीची चावी फक्त माझ्या खिशात असायची.