सँड प्लांटच्या पॅनेल पीसीचा प्रोसेसर आणि २४ व्होल्ट सप्लाय बदलण्याबाबत

वाळूविभाग_शिरोली (प्रश्न)

नमस्कार. आमच्या फाउंड्रीतील सँड प्लांटवर (साच्यांची वाळू तयार करणाऱ्या विभागात) १५ इंची, टचस्क्रीनचा, फॅनलेस पॅनेल पीसी आहे. त्यात एच११० चिपसेटचा बोर्ड, सेलेरॉन जी३९००टीई प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क असून विंडोज १० एलटीएसबी २०१६ (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) वर स्काडा, म्हणजे यंत्रांवर देखरेख व नियंत्रण ठेवणारे सॉफ्टवेअर, चालते. ट्रेंडचा (वेळेनुसार बदलणाऱ्या नोंदींचा) आलेख उघडला की स्क्रीन बराच वेळ अडकून राहते. शिवाय मिक्सर रिकामा करताना गेटचे व्हॉल्व्ह एकदम उघडले की कधीकधी पीसी आपोआप रीस्टार्ट होतो आणि चालू बॅचची नोंद अर्धवट राहते.

पीसी, पीएलसी (यंत्रे चालवणारा नियंत्रक) आणि सर्व सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह मुख्य पॅनेलमधील एकाच २४ व्होल्ट, ५ अँपिअर एसएमपीएसवर (डीसी वीज देणाऱ्या सप्लायवर) आहेत. ऑफिसच्या जुन्या संगणकांतील आय७-६७०० आणि आय५-८४०० हे प्रोसेसर हाताशी आहेत. दोन्हींचे सॉकेट एलजीए ११५१ च आहे. यांपैकी कोणता बसेल? आणि एसएमपीएस १० अँपिअरचा केल्यास रीस्टार्ट थांबेल का?

ऑटोमेशन_नाशिक

आय५-८४०० चा विचार सोडून द्यावा. सॉकेटचे नाव सारखे असले तरी इंटेलने आठव्या पिढीसाठी पिनांची जोडणी बदलली, त्यामुळे तो तुमच्या एच११० सारख्या १०० मालिकेच्या चिपसेटवर चालत नाही. आय७-६७०० सुरू होईल, पण तो ६५ वॅटचा आहे आणि टर्बोमध्ये (आपोआप वाढवलेल्या वेगात) काही काळ त्याहूनही जास्त घेतो. तुमच्या पीसीची मागची ॲल्युमिनियमची पाठ हाच त्याचा हीटसिंक असून ती ३५ वॅटच्या हिशेबाने घडवलेली आहे. फाउंड्रीत मे महिन्यात पॅनेलच्या आतले तापमान किती असते हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे तो आय७ उष्णतेमुळे आपला वेग उतरवत राहील, बोर्डवरील व्होल्टेज रेग्युलेटरवर ताण येईल आणि हाती वाढीव वेग येणारच नाही.

बदलायचाच असेल तर आय५-६५००टीई शोधावा. तोही ३५ वॅटचाच, पण दोनऐवजी चार कोरचा आहे आणि टर्बोमध्ये ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. तुमच्या बोर्डच्या उत्पादकाच्या यादीत तो आहे का, हे बायोसच्या (बोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरच्या) आवृत्तीसह आधी पाहून घ्यावे.

तरीही माझा आग्रह असा की प्रोसेसरला हात लावण्याआधी ट्रेंड उघडताना टास्क मॅनेजर पाहावा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निम्म्यावर दिसला, तर दोष हार्ड डिस्कचा आहे. शेकआउट (ओतकाम वाळूतून हलवून वेगळे करणारे यंत्र) आणि मोल्डिंग मशीनचे हादरे बसणाऱ्या ठिकाणी फिरती डिस्क ठेवूच नये. एसएसडी आणि ८ जीबी रॅम एवढ्यावरच काम भागण्याची शक्यता मोठी आहे.

देखभाल_भोसरी

रीस्टार्टचे कारण मला प्रोसेसरपेक्षा सप्लायमध्ये दिसते. मुख्य पॅनेलपासून पीसीपर्यंत केबल किती लांब आणि किती जाडीची आहे?

वाळूविभाग_शिरोली

केबल साधारण १८ मीटर, ०.७५ चौरस मिलिमीटरची आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसली, प्रोसेसर मात्र ६० च्या वर गेला नाही. पीसीच्या नेमप्लेटवर कमाल ७० वॅट आणि इनपुट १९.२ ते २८.८ व्होल्ट असे लिहिले आहे.

देखभाल_भोसरी

मग हिशेब असा मांडता येतो. जाता-येता ३६ मीटर तांब्याचा रोध या जाडीत जवळजवळ एक ओहम होतो. पीसीच्या आतला कन्व्हर्टर ठरलेली वॅट ओढतो, म्हणजे व्होल्टेज उतरले की तो उलट जास्त अँपिअर घेतो आणि केबलमधील घट आणखी वाढते. पूर्ण ७० वॅटवर एसएमपीएसपाशी नेमके २४ असले तरी पीसीच्या टर्मिनलवर २०.५ ते २१ च उरतात. त्यातच सात-आठ व्हॉल्व्ह एकदम चालू होऊन एसएमपीएस दोन व्होल्टांनी दबला, की तुम्ही १९.२ च्या खाली गेलात.

साध्या मल्टिमीटरवर ही क्षणिक घसरण दिसत नाही, कारण आकडा बदलण्याआधीच ती संपलेली असते. किमान मूल्य धरून ठेवणारा मीटर किंवा ऑसिलोस्कोप पीसीच्या टर्मिनलवरच लावून व्हॉल्व्ह उघडायला लावा.

१० अँपिअरचा एकच एसएमपीएस लावल्याने व्हॉल्व्हचा धक्का सौम्य होईल, पण केबलमधील घट तशीच राहील. माझ्या मते पीसीसाठी ५ अँपिअरचा स्वतंत्र एसएमपीएस द्यावा आणि केबल २.५ चौरस मिलिमीटरची ओढावी. मग घट एका व्होल्टच्या आत येते. पीएलसीशी संवाद आरएस-२३२ वर असेल तर दोन्ही सप्लायचे शून्य व्होल्ट एकाच ठिकाणी जोडायला विसरू नका. नवा एसएमपीएस पॅनेलच्या वरच्या कोपऱ्यात, सर्वात गरम जागी बसवू नये, कारण बहुतेक एसएमपीएसची क्षमता ५० ते ६० अंशांनंतर उतरू लागते.

ऑटोमेशन_नाशिक

पुढे कधी प्रोसेसर बदलायची वेळ आलीच, तर आधी डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ठेवावी आणि स्काडाचा परवाना डोंगलवर (यूएसबीसारख्या परवाना-किल्लीवर) आहे की हार्डवेअरशी बांधलेला, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. पाठीमागचा थर्मल पॅड (उष्णता पाठीकडे नेणारी मऊ गादी) उघडताना फाटतो. त्याच जाडीचा नवा पॅड लावावा. पॅडच्या जागी नुसती पेस्ट लावल्यास फट उरते आणि उष्णता पाठीपर्यंत पोहोचतच नाही. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग पुन्हा तपासावी, कारण बायोस अपडेटनंतर ती मूळ स्थितीत जाते.

एलटीएसबी २०१६ चे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत आणि सहाव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यामुळे एसएसडी टाकताना विंडोज १० आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१ (एलटीएसबीचेच पुढचे नाव एलटीएससी) चा विचार करावा. त्याचा आधार जानेवारी २०३२ पर्यंत आहे. तुमची स्काडा त्यावर चालते का, एवढे मात्र आधी विचारून घ्या.

वाळूविभाग_शिरोली

दोघांचेही मनापासून आभार. पुढच्या शटडाउनला स्वतंत्र एसएमपीएस, २.५ ची केबल आणि एसएसडी एवढेच करतो. प्रोसेसर आहे तोच राहील. टर्मिनलवरील किमान व्होल्टेज मोजून आकडा इथे टाकीन.