फिफ्टीन की फिफ्टी? बोलण्यातले आकडे, वेळा आणि पैसे इंग्रजीत अडतात, मदत हवी

साताऱ्याची_रेवा

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या जूनपासून बर्मिंगहॅमला आहोत, नवऱ्याची नोकरी इथे, आणि मला चार महिन्यांपूर्वी घराजवळच्या एका बेकरीत काउंटरवर काम मिळालं. इंग्रजी तसं बरं आहे माझं, गप्पा मारताना अडत नाही, पण मध्ये आकडा आला की गाडी थांबतेच. म्हणजे वाचायला काही प्रॉब्लेम नाही, ऐकायला आणि बोलायला आहे.

मागच्या शनिवारी दुकानात गर्दी, मागे पीठ मळायचं मशीन चालू आणि फोनवर एका बाईंनी फिफ्टीन रोल्स सांगितले हाफ थ्रीला, मी वहीत ५० लिहिले. वर हाफ थ्री म्हणजे अडीच की साडेतीन तेही कळेना म्हणून अडीच धरलं. त्या आल्या साडेतीनला आणि त्यांना हवे होते १५. उरलेले ३५ रोल संध्याकाळी पिशव्यांत भरताना मला रडायला येत होतं. मालक काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे मी एकांना म्हणाले, केक विल बी रेडी टिल फोर. ते अडीचलाच धापा टाकत हजर आणि केकवर अजून क्रीम लावायचं होतं. मी नक्की काय चुकीचं बोलले? आणि हे क्विड, टेनर, ग्रँड, स्टोन सगळं कुठे शिकायचं? कोणी नीट समजावून सांगेल का, कामावर रोज लागतंय.

करवीर_मास्तर

रेवाताई, मी कोल्हापूरला बावीस वर्षं स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेतोय आणि हा फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ प्रत्येक बॅचला असतो. आपल्याकडे पंधरा आणि पन्नास यांत गल्लत व्हायला जागाच नाही, सोळा-साठ, अठरा-ऐंशी सगळे वेगळे ऐकू येतात, त्यामुळे आपल्या कानाला ती सवयच लागलेली नसते.

पुस्तकात सांगतात की फिफ्टीनमध्ये जोर शेवटच्या टीनवर द्यायचा आणि फिफ्टीमध्ये पहिल्या फिफ्वर. हे एकटा शब्द असला की खरं आहे. पण पुढे वस्तूचं नाव आलं की फिफ्टीनचा जोर सरकून पुढे येतो, फिफ्टीन रोल्स म्हणताना इंग्रज माणूससुद्धा फिफ्वरच जोर देतो. मग उरतं काय, तर टीची लांबी आणि शेवटचा न. आणि तो नसुद्धा पुढच्या शब्दात विरघळतो, फिफ्टीन पाउंड्स भरभर म्हणून बघा, न चा जवळजवळ म होतो. आपण देवनागरीत दोन्हीकडे दीर्घ टी लिहितो आणि बोलतोही तसंच, त्यांचा फिफ्टीमधला टि मात्र आखूड असतो. म्हणजे आपण बोललो की त्यांना कळत नाही आणि ते बोलले की आपल्याला.

फोनवर मशीनच्या आवाजात हे कुणाच्याच कानाला शंभर टक्के पकडता येणार नाही, म्हणून आकडा सुटा करून परत म्हणायचा. फिफ्टीन रोल्स, वन फाइव्ह? एवढं दोन शब्दांत विचारायचं. विमानात, रेडिओवर बोलणारी माणसंसुद्धा आकडे असेच सुटे सुटे म्हणतात, त्यात कमीपणा काही नाही. भावाच्या बाबतीत तर हे हवंच, थ्री फिफ्टीन आणि थ्री फिफ्टी यांत ३५ पेन्सचा फरक आहे.

हाफ थ्री म्हणजे साडेतीन. हाफ पास्ट थ्रीमधला पास्ट गळलाय, बाकी काही नाही. आपल्या साडेतीनशी तंतोतंत जुळतं. जर्मनमध्ये मात्र असंच म्हटलं की अडीच होतात, त्यामुळे तुमची शंका अगदी वेडगळ नव्हती हं.

लीड्सकर_निखिल

टिल फोरचं मी सांगतो कारण मी पण तिथेच पडलोय. दोष आपल्या पर्यंतचा आहे. मराठीत चारपर्यंत तयार होईल आणि चारपर्यंत थांब, दोन्हीकडे पर्यंतच. इंग्रजीत पहिल्याला बाय आणि दुसऱ्याला टिल. तू म्हणालीस टिल फोर, त्यांना वाटलं केक चारपर्यंतच मिळेल, नंतर गेला, म्हणून बिचारे धावत आले. रेडी बाय फोर म्हणायचं. मी एक खूण धरलीय, एखादी गोष्ट तोपर्यंत चालूच राहणार असेल तर टिल (शॉप इज ओपन टिल सिक्स), आणि तोवर एकदा उरकायची असेल तर बाय.

तसाच आपला दोन वर्षांपासून. आय अ‍ॅम हिअर सिन्स टू इयर्स माझ्या तोंडून वर्षभर जात होतं, कोणी टोकलं नाही. मुदत असेल तर फॉर, सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स. फॉर फोर मंथ्स, सिन्स जून. आधी आय हॅव बीन.

पण माझं खरं नुकसान झालं ते आठ दिवसांनी. आज सोमवार असेल आणि आपण आठ दिवसांनी ये म्हटलं तर म्हणजे पुढच्या सोमवारी, त्याच वाराला, आणि पंधरा दिवसांनी म्हणजे त्याच्या पुढच्या. आजचा दिवस धरूनच मोजतो आपण, आठवडा या शब्दातच आठ बसलाय. फ्रेंच लोक पण असंच आठ दिवस, पंधरा दिवस म्हणतात. इंग्रज नाही म्हणत. मी खोली सोडताना घरमालकाला सोमवारी सांगितलं, आफ्टर फिफ्टीन डेज. माझ्या मनात सोमवार, त्याने सरळ पंधरा मोजून मंगळवार लिहिला आणि डिपॉझिटमधून एका दिवसाचं भाडं जास्त कापलं. बरं, भांडणार तरी कसं, मी बोललो होतो तेच त्याने लिहिलं होतं. आता मी इन अ वीक, इन टू वीक्स म्हणतो. किंवा अ फॉर्टनाइट, चौदा रात्री, हा शब्द इथे रोज ऐकशील. आणि केकची ऑर्डर घेताना तारीख आणि वार दोन्ही म्हणून घे.

एडिसनची_मावशी

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीला, त्यामुळे इथलं थोडं वेगळं. इथे हाफ थ्री कोणी म्हणत नाही, थ्री थर्टी. फॉर्टनाइट म्हटलं तर मुलं व्हिडिओ गेम समजतात. क्वार्टर ऑफ फाइव्ह म्हणजे पावणेपाच, सव्वापाच नव्हे, हे मला डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटला अर्धा तास उशीर झाल्यावर कळलं. तारीख लिहिताना आधी महिना, म्हणजे ४/७ म्हणजे सात एप्रिल, त्यामुळे मी आता महिन्याचं नाव अक्षरातच लिहिते. किमतीच्या चिठ्ठीवर टॅक्स नसतो, इथे ६.६२५ टक्के वर पडतो (कपड्यांवर बहुतेक नाही), रेवाकडे मात्र चिठ्ठीवर असतं तेवढंच द्यायचं.

एक गोष्ट मला फार आवडली. इथले लोक २५०० ला ट्वेंटी-फाइव्ह हंड्रेड म्हणतात, म्हणजे चक्क आपलं पंचवीसशे! आमच्या सासूबाई भाजीच्या हिशोबात बाराशे, पंधराशे म्हणायच्या तसंच. पहिल्यांदा बँकेत ऐकलं तेव्हा परकं वाटलंच नाही.

करवीर_मास्तर

पैशांचं राहिलं होतं. क्विड म्हणजे पाउंड, अनेकवचन नाही, टेन क्विड. टेनर दहाची नोट, फायव्हर पाचची, ग्रँड हजार, त्यालाही एस लावायचा नाही. पेन्सला नुसतं पी म्हणतात, फिफ्टी पी. ३.०५ असेल तर थ्री पाउंड्स फाइव्ह, किंवा थ्री-ओ-फाइव्ह. स्टोन म्हणजे वजनातले १४ पाउंड, साधारण ६.३५ किलो, फक्त माणसाचं वजन सांगायला.

आणि दहा पाउंडाची नोट असेल तेव्हा टेन-पाउंड नोट, सहा वर्षांचा मुलगा सिक्स-इयर-ओल्ड, एस नाही. आकडा आणि मापाचा शब्द मिळून नामाच्या आधी विशेषण म्हणून आले की तो शब्द एकवचनी, हे एवढं लक्षात ठेवलं तरी बोलणं लगेच नीट वाटायला लागतं.

साताऱ्याची_रेवा

किती सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, खरंच मनापासून आभार! पर्यंतचं वाचून मी दोन मिनिटं तशीच बसले, इतक्या वर्षांत कोणी असं मराठीवरून समजावलंच नव्हतं. आज दोन फोन आले, दोन्ही वेळा वन फाइव्ह, वन एट असं करून घेतलं. एक आजोबा म्हणाले, व्हेरी सेन्सिबल.

अजून एक विचारते. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, घरी मी मराठी आकडे म्हणून घेते, तर तो तेवीसला थर्टी-टू म्हणतो आणि ३२ लिहितो. शाळेत बाईंनी विचारलं काही अडचण आहे का म्हणून. मराठी बंद करू का?

करवीर_मास्तर

मुळीच बंद करू नका हो. त्याचा कान चोख आहे, म्हणून होतंय हे. तेवीसमध्ये ‘ते’, म्हणजे तीन, आधी ऐकू येतं, वीस नंतर, आणि तो ऐकलं त्या क्रमाने लिहितोय. जर्मन मुलांचंही हेच होतं, त्यांच्यात पण तीन आणि वीस असा क्रम. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात तेवीसच्या जोडीला वीस तीन असं वाचन आणलं तेव्हा केवढा वाद झाला होता, गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्याची बाजू मांडली होती, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो. मला स्वतःला तेवीस, एकोणतीस हे शब्द जायला नको होते, पण मुलाला आधार म्हणून वीस तीन फार उपयोगी आहे.

तुम्ही असं करा, बस आली की तिचा नंबर त्याला तीनदा म्हणायला लावा. तेवीस, वीस तीन, ट्वेंटी-थ्री. लिहिताना आधी दशक, वीसचा दोन. शाळेतल्या बाईंना एवढंच सांगा की घरी ज्या भाषेत मोजतो तिच्यात एकक आधी येतं, त्यांना लगेच कळेल.

साताऱ्याची_रेवा

आमच्या स्टॉपवर पन्नास नंबरची बस येते. उद्या तिच्यापासूनच सुरू करते.