शंका आली, मोह झाला, तरी ख्रिस्ताला धरून राहिलात? तुमचे अनुभव लिहा

मिरजकर_वेर्ण्यात
मी मिरजेचा, गोव्यात वेर्ण्याला औषध कंपनीत नोकरी करतो. घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना, रविवारी उपासना, दृढीकरणाचा वर्ग, सगळं यथासांग झालं. इथे शनिवारी रात्री रूममेट बागा नाहीतर हणजुण्याला निघतात आणि रविवारी सकाळी मला उठवणारं कुणी नसतं. पण खरं सांगू, मोहापेक्षा शंकेनेच जास्त छळलं. मोहाबद्दल पाळकसाहेबांशी बोलता येतं, त्यांच्याकडे बायबलचं वचन तयार असतं (१ करिंथ १०:१३, हमखास). ‘देव खरंच ऐकतो का?’ असं विचारलं की मात्र समोरचा दचकतो. ऐन विशी-पंचविशीत तुमचं काय झालं ते लिहा. उपदेश नकोत, ते मला घरून फोनवर मिळतात.

रात्रपाळी
मी नर्स. मुलांच्या वॉर्डात असताना एका आईने माझ्या गळ्यातला क्रूस बघून म्हटलं, “बाई, तुमच्या देवाला सांगा.” सांगितलं. मूल पहाटे गेलं. त्यानंतर बरेच महिने प्रार्थनेला बसले की नुसते ओठ हलायचे. ‘देवाची योजना असते’ म्हणणाऱ्यांचा मला अजून राग येतो.
तेव्हा स्तोत्र ८८ हाती लागलं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळतात, देवाचे आभार मानतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी कुणी ते बायबलमधून काढलं नाही, म्हणजे देवाशी असंही बोलायला मुभा आहे. मदर तेरेसांची खाजगी पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतही वर्षानुवर्षांचा हाच कोरडेपणा आहे, आणि बाई काम करतच राहिल्या. आता मी पुन्हा प्रार्थना करते. त्या मुलाबद्दल उत्तर मिळालेलं नाही.

मांडवीवरचा
मी पणजीला कॅसिनोच्या बोटीवर पत्ते वाटतो. गोवेकरांना तिथे खेळायला २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे समोर सगळे पर्यटकच. जुगाराचा मोह मला नाही. रोज लोकांना हरताना बघितलं की तो आपोआप जातो. मोह आहे पाळी सुटल्यावरच्या दारूचा आणि सहज मिळणाऱ्या पैशाचा. उपवासकाळात दारू बंद ठेवतो, ईस्टरनंतर पुन्हा घसरतो, कुमसाराला (फादरकडे पापं कबूल करायला) जातो. फादर एकदाही ओरडले नाहीत. म्हणाले, “येत राहा.”

सरळ_बोलतो
नोकरी सोडा की. आगीशेजारी बसायचं आणि चटके बसतात म्हणायचं?

मांडवीवरचा
बहिणीच्या लग्नाचं कर्ज तुम्ही फेडणार असाल तर उद्या सोडतो, दादा.

बार्देशकार
मी इथलाच, कॅथलिक. शाळा मराठीत झाली म्हणून मराठीत लिहितो. कॉलेजात असताना माझा कशावरच विश्वास उरला नव्हता. मीसाला (चर्चमधल्या उपासनेला) जाणं बंद केलं, आईने आठवडाभर अबोला धरला. पण मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रूसापाशी) लदीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना असायची, तिथे जात राहिलो. आधी व्हायोलिन वाजवायला माणूस नव्हता म्हणून, आणि नंतरच्या उकडलेल्या चण्यांसाठी व घोटभर फेणीसाठी. माझ्या तोंडून प्रार्थना निघत नव्हती, शेजारची म्हातारी माणसं ती म्हणत होती, मी सूर धरत होतो. कधी मीही म्हणू लागलो ते सांगता येणार नाही.

सरळ_बोलतो
ही श्रद्धा नव्हे, सवय.

मिरजकर_वेर्ण्यात
येशूचा शिष्य थोमा आठवून बघा. योहान २० मध्ये बाकीचे सांगत होते, आम्ही प्रभूला पाहिलं, आणि हा म्हणत होता, खिळ्यांचे व्रण बघितल्याशिवाय मानणार नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यासोबत त्याच घरात होता. त्यांनी हाकललं नाही, तोही उठून गेला नाही. प्रभू आला तेव्हा थोमा तिथे होता, मला एवढं पुरतं.

ताळगावची
विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकते. घरचे म्हणतात विज्ञानाने मुलगी बिघडली, वर्गातले म्हणतात ही अजून चर्चला जाते. प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारे लमेत्र स्वतः धर्मगुरू होते, आणि त्या सिद्धान्ताला देवाचा पुरावा बनवू नका असंही त्यांचं म्हणणं होतं. माझ्या शंका त्याने मिटल्या नाहीत, पण दोघांपैकी एकच निवड हा जाच गेला. माझी खरी अडचण वेगळी आहे: ज्याच्याशी लग्न करायचंय तो नास्तिक आहे, आणि माझ्या ओळखीच्या बऱ्याच भाविकांपेक्षा प्रामाणिक आहे. असं कुणाचं झालंय का?

रात्रपाळी
माझं झालंय. नवरा अजून नास्तिकच आहे. रविवारी चर्चला सोडायला येतो, बाहेर गाडीत पेपर वाचत बसतो. मुलांच्या बाप्तिस्म्याचं मात्र लग्नाआधी बोलून घे, आम्ही नंतर बोललो आणि फार भांडलो.

बार्देशकार
ताळगावची, २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सायबाची (सेंट फ्रान्सिस झेवियरची) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना सुरू होते. आम्ही म्हापशाहून पहाटे चालत निघतो. त्यालाही घेऊन ये, आमच्यात दोघं-तिघं तसलेच असतात. मिरजकर, तूही चल, रविवारीसुद्धा आम्ही हाक मारून उठवू.