गिनीपिगला आकडी येते आहे, आधी काय तपासायचं?

देवगड_किनारा

नर गिनीपिग, वय अंदाजे २ वर्षं, वजन ८६० ग्रॅम. आठ दिवसांत दोनदा आकडी आली. पहिली रात्री, पिंजऱ्यातून उचलताना. दुसरी सकाळी सातच्या सुमारास. मागच्या पायाने खांदा खाजवता खाजवता एकदम आडवा झाला. दोन्ही वेळा मान मागे गेली, चारही पाय ताठ झाले, मग पोहल्यासारखे पाय मारत राहिला. दुसरी मोबाइलवर मोजली, ५० सेकंद. नंतर दहा-पंधरा मिनिटं सुन्न, मग आपणहून गवताकडे गेला.

डाव्या खांद्यावरचे आणि मांडीच्या आतले केस गेलेत, तिथे कोंड्यासारखे पापुद्रे आहेत. सोबत अजून एक नर आहे. त्याला आकडी नाही, पण खाजवतो तोही. खाणं म्हणजे आंब्याच्या कलमांच्या बागेतलं गवत, ढोबळी मिरची, कोथिंबीर, थोडे पेलेट्स. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरं, शेळ्या, कुत्री येतात, गिनीपिग नाही.

याला फेफरं म्हणायचं का? कायमच्या गोळ्या लागतील का? आणि आकडी चालू असताना नेमकं काय करायचं?

मचाण

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ते आजच लागेल.

आकडी आली की त्याला धरू नका, उचलू नका, मांडीवर घेऊ नका. हात लागला, आवाज झाला की झटका लांबतो. पिंजऱ्यातलं लाकडी घर, खायचं भांडं, पाण्याची बाटली बाहेर काढा, नाहीतर डोकं आपटतं. दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल लावा. दुसरा नर वेगळा करा, तो अंगावरून उड्या मारत पळतो. खिडकीचा पडदा ओढा, टीव्ही बंद. तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, औषधही नाही. गिळायची क्रिया थांबलेली असते, थेंबभर पाणीही फुप्फुसात जातं.

वेळ मोजा आणि व्हिडिओ काढा. डॉक्टरांसमोर तो बहुतेक ठणठणीत असणार, तेव्हा व्हिडिओ हाच पुरावा. एका दिवशी दोनदा आली, किंवा ५ मिनिटं झाली तरी थांबत नाही, तर वाट बघू नका. आकडी थांबवणारं डायझेपाम किंवा मिडाझोलामचं इंजेक्शन कुठल्याही पशुवैद्यकाकडे असू शकतं. मात्र डोस वजनावर काढून तेच देतील.

थांबल्यावर कान चाचपा. कान तापलेले, श्वास धापा टाकल्यासारखा, लाळ गळते आहे असं असेल तर उन्हाचा त्रास धरा आणि साध्या पाण्यात पिळलेलं फडकं कानांवर, पायांवर ठेवा. बर्फ किंवा फ्रिजचं पाणी नको. त्याने कातडीखालच्या शिरा आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. कान गार असतील तर उलट करा, कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून एका बाजूला ठेवा. मान सरळ धरून, डोळे मिचकावत बसला की मग कोथिंबिरीची काडी तोंडासमोर धरा. घेतली तर ठीक, नाही घेतली तर अर्ध्या तासाने परत.

बाव

आमच्याकडे आकडी इली की कांदो नायतर चप्पल हुंगवतत. करून बघा.

मचाण

बाव, नको हो. आकडी एक-दोन मिनिटांत आपोआपच थांबते, म्हणून चपलेला श्रेय मिळतं. गिनीपिगचं नाक माणसापेक्षा कितीतरी तिखट. त्यात पूर्ण शुद्ध नसताना नाकाशी काही आणलं की तो अजून घाबरतो. शिवाय कांदा त्याच्या खाण्यातही नको, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

कातडीचा_डॉक्टर

फेफरं हे निदान सगळ्यात शेवटी करायचं. गिनीपिगमध्ये नुसतं, दुसरं कारण नसलेलं फेफरं क्वचित असतं. तुमच्या वर्णनात उत्तर जवळजवळ दिलेलंच आहे. खांदा, मांडीची आतली बाजू, पापुद्रे, दोघांनाही खाज, आणि आकडी नेमकी खाजवताना किंवा हात लागल्यावर. मला हे ट्रिक्सॅकॅरस कॅव्हीई या खरजेच्या किड्याचं काम वाटतं. हा किडा कातडीच्या आत बोगदे करतो, डोळ्यांना दिसत नाही. खाज इतकी भयंकर असते की तिच्या भरात गिनीपिग अक्षरशः आकडीत जातो. मेंदूचा आजार नसतानाही.

ओळखायचं कसं? पाठीवरून, खांद्याकडे हलकेच बोट फिरवा. खरजेचा प्राणी लगेच अंग वाकडं करतो, दात वाजवतो, मागचा पाय हवेत झाडतो. इतकंच बघून थांबा, पुढे चाचपत बसू नका, त्यातूनच आकडी येऊ शकते. याच कारणासाठी अंघोळ घालू नका. कडुनिंबाचं तेल, करंजाचं तेल, कापूर घातलेलं खोबरेल हे सगळं बंद. बोगद्यातल्या किड्यापर्यंत ते पोचत नाही, आणि चोळताना प्राणी आकडीत जातो. तेल चाटून पोटात गेलं तर तो त्रास वेगळाच.

दवाखान्यात कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. एक सांगून ठेवतो. खरवडीत किडा सापडला नाही म्हणून खरूज नाही असं होत नाही, पुष्कळदा तो हुकतो. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर उपचार करूनच बघतात. आणि दोघांनाही एकाच दिवशी, आकडी एकालाच असली तरी. एकाला सोडलं तर पंधरा दिवसांत पहिला पुन्हा खाजवायला लागतो.

तुमच्या हातांवर, पोटावर बारीक लाल पुरळ उठलं असेल तर तेही याचंच. माणसाच्या अंगावर किडा वाढत नाही, प्राणी बरा झाला की तेही जातं.

देवगड_किनारा

मनगटाच्या आतल्या बाजूला पुरळ आहे! डास समजून सोडून दिलं होतं.

उद्या दवाखान्यात जातोय. फोनवर विचारलं तर म्हणाले खरजेवरचं आयव्हरमेक्टिन आहे, गुरांचं, १ टक्का. "एवढ्याशा प्राण्याला ०.१ मिली पुरे." चालेल ना?

कातडीचा_डॉक्टर

नाही चालणार. बरं झालं आधी विचारलंत. हिशोब मांडून देतो, कागदावर उतरवून सोबत न्या.

१ टक्का म्हणजे १ मिलीमध्ये १० मिलीग्रॅम. गिनीपिगला लागतं किलोमागे ०.२ ते ०.४ मिलीग्रॅम. तुमच्या ८६० ग्रॅमला ०.१७ ते ०.३४ मिलीग्रॅम, म्हणजे ०.०१७ ते ०.०३४ मिली. ०.१ मिली दिलं तर १ मिलीग्रॅम जाईल, वरच्या मर्यादेच्याही तिप्पट. आणि आयव्हरमेक्टिन जास्त झालं की त्याची लक्षणं काय, तर थरथर, झोकांड्या, बाहुल्या मोठ्या होणं आणि आकडी. म्हणजे ज्यासाठी दिलं तेच.

सिरिंज कुठली हेही महत्त्वाचं. साध्या १ मिलीच्या सिरिंजला वेगळी सुई लावली की सुईच्या बुडात अडकून राहणारं औषधच या डोसपेक्षा जास्त भरतं, तेव्हा मोजमापाला अर्थ उरत नाही. लाल टोपीची, सुई जोडूनच येणारी यू-४० इन्शुलिन सिरिंज घ्या. तिची एक रेघ म्हणजे एक युनिट म्हणजे ०.०२५ मिली. तुमच्या गिनीपिगला नेमकी एक रेघ, किलोमागे साधारण ०.३ मिलीग्रॅम पडतं. नारिंगी टोपीची यू-१०० हातात आली तर गणित बदलतं, तिथे एक युनिट ०.०१ मिली. दुकानदाराने कुठली दिली ते बघून घ्या.

काही जण औषध पातळ करून जास्त मिली देतात. ती पद्धत चांगली, पण पाणी किंवा सलाईन घालून नव्हे. आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही, वर-खाली वेगळं होतं आणि एका सिरिंजमध्ये काहीच नाही, दुसरीत सगळं असं होतं. प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्येच मिसळावं लागतं.

इंजेक्शन कातडीखाली द्यायचं आणि ते डॉक्टरांनीच. एका डोसने काम होत नाही, किड्याच्या अंड्यांवर औषध चालत नाही. ७ ते १४ दिवसांच्या अंतराने साधारण तीन डोस, खाज राहिली तर चौथा. दर वेळी आदल्या दिवशी वजन करून नवा हिशोब.

खरजेवरच्याच सेलामेक्टिनचे मानेवर टाकायचे थेंब मिळाले तर सोपं पडतं, किलोमागे १५ मिलीग्रॅम. मांजराच्या पिलांची १५ मिलीग्रॅमची छोटी नळी असते, त्यातलं १३ मिलीग्रॅम तुमच्या प्राण्याला. कुत्र्याच्या गोचिडीचे फिप्रोनिल किंवा परमेथ्रिनचे थेंब मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी नको.

आणखी एक. खरवडायच्या आधीच डॉक्टरांना सांगा की हात लावल्यावर आकडी येते. गरज वाटली तर ते आधी शांत करायचं औषध देतील.

देवगड_किनारा

तीन पट! कागद करून घेतला. दुसऱ्या नराचं वजन उद्या सकाळी करतो. आणि गवताचं काय? बागेतलंच आहे.

गवतवाली

गवताकडे बघायलाच हवं, पण आकडीचं खापर त्यावर फोडायच्या आधी थांबा. एकाच पेंडीतलं गवत दोघं खातात आणि आकडी एकालाच, म्हणजे विषबाधेची शक्यता कमी. उन्हाचंही तसंच. एक आकडी रात्री, एक सकाळी सातला, दुपारी एकही नाही.

तरी हंगाम बघा. मोहोरापासून कैरी धरेपर्यंत कलमांवर तुडतुड्यांसाठी डेल्टामेथ्रिन, लॅम्ब्डा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड असं आलटून पालटून फवारलं जातं, आणि तुषार खालच्या गवतावरच बसतो. धुऊन सगळं निघत नाही. फवारणी चालू असेपर्यंत कलमाखालचं गवत बंद, शेजाऱ्याच्या बागेच्या वाऱ्याच्या दिशेचंही बंद. परसातली हरळी, किंवा जिथे काहीच मारलं जात नाही अशा पाणंदीचं गवत आणा. विषबाधा असती तर लाळ, डोळ्यांत पाणी, पातळ शी आणि अंगभर बारीक थरथर, आणि दोघांनाही. घरात डासांची कॉइल, झुरळाचा स्प्रे पिंजऱ्याजवळ नको. पावसाळ्यात कुरिअरने मागवलेलं सुकं गवत आठवड्यात बुरशी धरतं. कुबट वास आला तर सरळ टाकून द्या, उन्हात घालून वाचवायला जाऊ नका.

पिंजऱ्यातलं सगळं अंथरूण काढा. कापड उकळत्या पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, आता ऊन आहे तेवढं वापरून घ्या. लाकडी घर भेगाळलेलं असेल तर जाळून टाका, भेगांमधून किडे परत येतात. हे प्रत्येक डोसच्या दिवशी करायचं.

ढोबळी मिरची चालू ठेवा. क जीवनसत्त्व त्यांच्या शरीरात तयार होत नाही, रोज किलोमागे १० ते ३० मिलीग्रॅम लागतं. २५-३० ग्रॅमची एक जाड फोड पुरते. पाण्यात या जीवनसत्त्वाचे थेंब टाकणं फुकट, दिवसभरात त्यातला बराच भाग जातो.

मचाण

खरजेचा प्राणी नीट खात नाही, त्याचं आतडं लवकर थांबतं. म्हणून वजन रोज, एकाच वेळी, १ ग्रॅम दाखवणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर. तुमचा ८६० चा ७७५ वर आला तर ती दहा टक्क्यांची घट झाली, दवाखान्यात न्या. १२ तास काही खाल्लं नाही किंवा शी थांबली, तरी दवाखान्यात.

हाताने भरवायची वेळ आली तर पेलेट्स दुप्पट कोमट पाण्यात भिजवून, कुसकरून, गाळून घ्या. दिवसाला ४५ ते ७० मिली, पाच-सहा वेळा मिळून. १ मिलीची सिरिंज समोरून नाही, पुढच्या दातांच्या मागे बाजूने सरकवा, एका वेळी अर्धा मिली, चावून गिळेपर्यंत थांबा. उताणा कधीही नाही.

एक धोक्याची गोष्ट. खाजवून जखम चिघळली आणि अँटिबायोटिक द्यायची वेळ आली, तर अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन नको असं आधीच सांगा. कुत्र्याला रोज दिली जातात म्हणून ती सहज लिहिली जातात. गिनीपिगच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम हा घातक जिवाणू माजतो आणि काही दिवसांत प्राणी जातो. मागच्या पायांची नखंही कापून घ्या, पण डोस देऊन खाज कमी झाल्यावर.

कातडीचा_डॉक्टर

तीन डोस होऊन केस परत यायला लागले आणि तरीही आकडी येते, तर मग पुढचा विचार. मान एका बाजूला कलते का, गोल फिरतो का, ते बघा. ते असलं तर कानाच्या आतल्या भागाचा संसर्ग. नसेल तर रक्तातली साखर, कॅल्शियम, मूत्रपिंड. त्यासाठी तालुक्यात अडून राहू नका. मुंबईत परळच्या बाई साकरबाई प्राण्यांच्या रुग्णालयात किंवा फोंडा घाटाने कोल्हापुरात जायचं तर आधी फोन करून गिनीपिग बघणारे डॉक्टर कुठल्या दिवशी असतात ते विचारा. प्रवासात दोघांना एकाच खोक्यात ठेवा, बाटली गळते म्हणून काकडीचे काप टाका, गाडीतला गार झोत थेट खोक्यावर सोडू नका.

आकडीची रोजची गोळी लागलीच तर एक दिवसही चुकवायची नाही. फेनोबार्बिटोन एकदम तुटलं तर आकडी पहिल्यापेक्षा जोरात येते. पण आज तो विषयच नाही. उद्या डोस झाल्यावर तारीख, वजन आणि किती युनिट दिलं ते इथे लिहा, पुढच्या डोसचं मोजून देतो.