मदत हवी आहे: जमैकातल्या फाल्मथ गावाचे जुने फोटो जागेवार कसे लावू?

नमस्कार मंडळी, मी आधी क्रूझ शिपवर होतो, आता घरी चिपळूणला असतो. २०११ मध्ये फाल्मथला मोठा क्रूझ धक्का सुरू झाला, त्यानंतर आमची शिप तिथे लागायची आणि ड्युटी सुटली की मी गावात फिरून घरांचे फोटो काढायचो. १७६९ मध्ये वसवलेलं गाव, सरळ आखलेले रस्ते, खाली दगडी नाहीतर विटांचं दुकान आणि वर लाकडी माडी, खिडक्यांना तिरप्या पट्ट्यांची झडपं. १८१५ चं कोर्टहाउस १९२६ मध्ये जळलं, पुन्हा बांधलं, त्याचे फोटो सगळेच काढतात हो, पण मार्केट स्ट्रीटच्या आजूबाजूच्या साध्या लाकडी घरांचे कोण काढणार, आणि पडतात तीच आधी. एका घराच्या छपराच्या फळ्या कुजून आरपार आभाळ दिसत होतं आणि खाली पायरीवर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या, हो, आपलीच तूर, तिकडे गुंगो म्हणतात.

असे तीनेकशे फोटो आहेत पण कॅमेऱ्यात जीपीएस नव्हतं. आता नकाशावर कुठलं घर कुठे ते कसं लावायचं, कुठलं फुकट सॉफ्टवेअर बरं? विकिमीडिया कॉमन्सवर (कोणालाही फुकट वापरता येतील अशा फोटोंच्या साइटवर) टाकायचे तर माणसांचे चेहरे झाकावेत का? आणि शिपवर काम केलेल्या कोणाकडे तिथल्या गल्ल्यांचे फोटो असतील तर प्लीज सांगा, एकत्र करू.