इंग्रजीत विशेषणांची रांग कशी लावायची?

शब्दवेडी: मी कथांचे इंग्रजी अनुवाद करते. एका कथेत आजीची पेटी आहे: लाकडी, जुनी, छोटी, सुरेख. मी आपलं लिहून टाकलं, 'अ वुडन ओल्ड स्मॉल ब्यूटिफुल बॉक्स'. संपादकांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि शेरा मारला: 'क्रम!' बास, एवढंच. स्पेलिंग बरोबर, आर्टिकल बरोबर, मग बिघडलं कुठे? याला नियम आहे की सगळं कानावर सोडायचं?

खडूफळा: नियम आहे. आधी मत, मग लहानमोठेपणा, वय, आकार, रंग, मूळ ठिकाण, कशाची बनली ते आणि शेवटी कशासाठी. म्हणजे 'अ ब्यूटिफुल स्मॉल ओल्ड वुडन बॉक्स'. बघणाऱ्याचं मत नामापासून सगळ्यात लांब. वस्तूच्या अंगचं जे असेल ते नामाला चिकटून. घोकू नका. 'लाकडी जुनी छोटी सुरेख पेटी' असं मराठीत तरी म्हणाल का?

शब्दवेडी: अगं बाई, नाहीच म्हणणार! 'सुरेख छोटी जुनी लाकडी पेटी' हेच तोंडात येतं. पण मग 'बिग बॅड वुल्फ' कसं चालतं? 'बॅड' तर मत झालं, ते आधी नको?

उलटसुलट: तिथे नाद जिंकतो. 'झिगझॅग', 'टिक-टॉक' उलटे म्हणून बघा, जीभच अडखळते. आणि क्रमाचं कोडं इंग्रजांनाही पडतं. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या लेखकानं, टॉल्किननं, लहानपणी ड्रॅगनची गोष्ट लिहिली, तेव्हा आईनं सांगितलं की 'ग्रीन ग्रेट ड्रॅगन' म्हणता येत नाही, 'ग्रेट ग्रीन ड्रॅगन' म्हणावं लागतं. असं का, हे अजून कळलेलं नाही, असं त्यानं 1955 च्या एका पत्रात लिहिलंय. तोवर तो इंग्रजी भाषेचा प्राध्यापक होऊन कितीतरी वर्षं झाली होती!

खडूफळा: एक राहिलं, स्वल्पविराम. मध्ये 'अँड' घालून बघायचं. 'कोल्ड अँड डार्क नाइट' चालतं, म्हणून 'कोल्ड, डार्क नाइट'. 'ओल्ड अँड वुडन बॉक्स' कानाला खटकतं, म्हणून तिथे स्वल्पविराम नको. आणि समोर चार मोठ्या पेट्या असतील, त्यातली लालच हवी असेल, तर 'रेड'वर जोर देऊन 'द रेड बिग बॉक्स' म्हणतातही.

शब्दवेडी: पाठवलं सुधारून. 'ब्यूटिफुल' मीच उडवलं. आजी ती पेटी रोज पदरानं पुसते, असं पुढच्याच ओळीत आहे.